चादरी वाळायला तीन तास

दुहेरी पलंगाची सुती चादर कोरडी असताना सातशे ऐंशी ग्रॅम भरते. धुलाई यंत्रातून पिळून निघाली की साडेबाराशे. मधलं पावणेपाचशे ग्रॅम पाणी आमच्या अंगणातल्या उन्हाने न्यायचं असतं, आणि नोव्हेंबरात त्या उन्हाला तीन तास लागतात. तीन वाजून वीस मिनिटांनी ऊन पश्चिमेच्या डोंगराआड जातं. मग धरणावरून गार हवा वर चढते आणि चादर पाणी सोडायचं थांबवून उलट थोडं घ्यायला लागते. हे सगळं मी तोलून पाहिलेलं होतं.

त्या शनिवारी बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. मी अंगणात दोरीखाली हुकाचा काटा घेऊन उभी होते आणि काट्याला लावायला चादर नव्हती. चादर माडीवर होती आणि तिच्यावर ठाण्याचे पाहुणे, भागवत, पसरले होते.

"ताई, तो काटा खाली ठेवा," सिंधू म्हणाली. "रस्त्यावरनं बघणाऱ्याला वाटंल, किलोवर काय विकताय."

सिंधू आमच्याकडे खोल्या झाडायला आणि कपडे धुवायला यायची. ती रिकामी बादली उपडी घालून तिच्यावर बसली होती. तिचंही काम अडलं होतं.

"खोली सोडायची अकराची वेळ लिहिलीय दारावर," मी म्हणाले. "ॲपवर लिहिलीय. काल रात्री जेवताना तोंडानेही सांगितली."

"लिहून काय हुतंय. तुम्ही वर जावा की."

"दोनदा जाऊन आले."

ही गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची. वाईच्या वर, धोम धरणाच्या कडेला आमचं घर आहे. माडीवरच्या दोन खोल्या आम्ही चार वर्षं पर्यटकांना देत होतो. त्याआधी एकतीस वर्षं मी सरकारी प्रयोगशाळेत पाणी तपासलं. गावोगावच्या विहिरींचं पाणी बाटल्यांतून यायचं आणि मी त्यात काय आहे ते लिहून द्यायचे. कुणी माझ्या अहवालाला तारे दिले नाहीत, आणि कुणी खोटंही म्हटलं नाही. निवृत्तीनंतर माझ्या कामाचं मोजमाप अनोळखी लोकांच्या हाती गेलं, तेही मोबाइलवर, परतीच्या वाटेवर गाडीत बसल्या बसल्या.

आदल्या दिवशीचं मत मला पाठ झालं होतं. पाचापैकी तीन तारे. "जागा सुंदर. चादरी दमट. खालचे काका म्हणजे देवमाणूस. काकू मात्र घड्याळ घेऊन मागे लागतात."

चादरी दमट होत्या, हे खरं. पण त्या दमट का होत्या? कारण त्याच्या आदल्या दिवशीचे लोक साडेबाराला उठले. चादरींचे तीन जोड होते. सिंधूच्या सांगण्यावरून चौथाही घेतला. पण दिवाळीचे दहा दिवस रोज नवे लोक आले की एका दिवसाची ओल दुसऱ्या दिवसावर चढत जाते, आणि सातव्या दिवशी तिचा वास यायला लागतो. उशीर एकाने करायचा आणि तारे दुसऱ्याने कापायचे. हे मी कुणाला समजावून सांगणार?

हातातला फोन वाजला. आई होती.

"पाहुणे गेले का गं?"

"नाही ना. अजून वरच आहेत."

"बरं. गेले की सांग," आई म्हणाली. "मी काय, घाईत नाही." आणि ठेवला.

आईचं वय त्र्याऐंशी. ऑगस्टमध्ये तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून ती कराडला माझ्या धाकट्या बहिणीकडे होती, दुसऱ्या मजल्यावर. त्या इमारतीला लिफ्ट नाही. तीन महिन्यांत आईचा पाय जमिनीला लागला नव्हता. ती खिडकीतून एका कडुनिंबाच्या शेंड्याकडे बघत बसायची आणि रोज मला फोन करून पाहुण्यांची चौकशी करायची.

आमच्या तळमजल्यावर ओसरीला लागून एक खोली आहे. घर बांधताना ती मी आईसाठीच काढून घेतली होती. उंबरा नाही, न्हाणीघर आतच, आणि न्हाणीघराच्या भिंतीला धरून उठायला पोलादी दांडा. आई उभी असताना तिच्या मनगटापर्यंतची उंची मी टेपने मोजली होती. बहात्तर सेंटिमीटर. दांडा बरोबर तेवढ्यावर होता.

त्या दांड्यावर सोळा महिने आबांचा पंचा वाळत होता.

आबा म्हणजे माझे थोरले दीर, रंगराव पिसाळ. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवर काचेच्या खोलीत बसून गाड्या लावायच्या, पुकारायच्या आणि वेळेवर सोडायच्या, हे त्यांनी चौतीस वर्षं केलं. वहिनी गेल्यावर पुण्यात एकटे राहत होते. त्यांची इमारत पाडून नवीन बांधायला घेतली, ते काम संपायला दोनच महिने उरले तेव्हा मधल्या काळातली भाड्याची जागा सोडावी लागली, म्हणून ते आमच्याकडे आले. आदल्या वर्षीच्या जुलैत दोन महिन्यांसाठी आले होते. आता पुढच्या वर्षाचा नोव्हेंबर होता. नव्या घराची किल्ली त्यांना आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरातच मिळाली होती.

आबांच्या जाण्याविषयी ह्यांच्याशी मी बोलले नव्हते असं नाही. ऑपरेशननंतर आठवड्यातून एकदा तरी बोलत होते.

"तूच सांग," हे म्हणायचे. "तुझं ऐकतो तो."

"तुमचा भाऊ आहे."

"म्हणूनच. थोरल्या भावाला घरातनं जा म्हणू? लोक काय म्हणतील?"

"आणि माझी आई?"

"बघू की. दिवाळी जाऊ दे."

दिवाळीआधी गणपती जाऊ द्यायचे होते, त्याआधी श्रावण. आणि मीही जाऊ देत होते. ते एक वाक्य मी कितीदा तरी जुळवलं. यंत्र फिरत असताना त्याच्या आवाजात पुटपुटून बघितलं. आबा समोर आले की मी विचारायचे, "चहा टाकू का?"

बारा पंचवीसला फाटकाची कडी वाजली. आबाच होते. रोज पावणेअकराला ते फाट्यावर जायचे, पेपर घ्यायचे आणि अकराची वाई गाडी सुटताना बघायचे. मग वडाखाली बसून सगळा पेपर वाचून परत यायचे.

"चार मिनिटं लेट सोडली," आबा मला म्हणाले. "ड्रायव्हर पान खात उभा. मी म्हटलं त्याला, बाबा, तुझं पान चार मिनिटांचं, पण पुढं पाचवडला ज्याची गाडी चुकली त्याचा दिवस गेला. हसला नुसता. शिस्त म्हणून राहिलीच नाही, हेमा."

"नाही ना," मी म्हणाले आणि काटा खिळ्याला अडकवला.

"आपले ठाणेकर गेले का?"

"बसलेत अजून."

"बसू दे, बसू दे," आबा समाधानाने म्हणाले आणि ओसरीवरच्या आरामखुर्चीत टेकले. "घर भरलेलं बरं वाटतं."

सिंधूने माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवून हसली. ती का हसली ते तेव्हा मला कळलं नाही.

मी तिसऱ्यांदा माडीवर गेले. दार उघडंच होतं. भागवत पलंगावर उशीला टेकून मोबाइल बघत होते. त्यांची बायको मुक्ता केस विंचरत होती. त्यांची सहासात वर्षांची मुलगी आमच्या उशांचा किल्ला करून त्यात बसली होती. बॅगा भरलेल्या, पण पुन्हा उघडलेल्या दिसत होत्या.

"निघायची तयारी झाली का?" मी विचारलं. मी शक्य तेवढ्या मऊ आवाजात विचारलं होतं. माझा आवाज मऊ होत नाही, ही माझी अडचण आहे.

भागवतांनी मान वर केली. "जेवण किती वाजता असतं?"

"दुपारचं जेवण आम्ही देत नाही. फक्त रात्रीचं आणि सकाळचा नाश्ता."

नवराबायकोने एकमेकांकडे बघितलं.

"म्हणजे?" मुक्ता म्हणाली. "आम्हाला तर थांबा म्हणालात."

"मी? मी अकरा वाजता खोली रिकामी करा म्हणाले होते. दोनदा."

"तेच की. आधी एक, मग एक," भागवत उठून बसले. "अहो, ॲपवर तुम्हीच लिहिलंय ना, 'हॉटेल नव्हे, घर'? घरातनं असं उठवतात का माणसाला?"

"घरातल्या माणसालाही चादर बदलायची असली की उठवतात," मी म्हणाले.

हे म्हणायला नको होतं. मुक्ताने कंगवा बॅगेत टाकला आणि चेन इतक्या जोरात ओढली की उशांच्या किल्ल्यातली मुलगी दचकली.

"चल गं ओवी. इथं आपण चादरीवर बसलो तरी चालत नाही."

एक वाजून पाच मिनिटांनी ते खाली उतरले. माझ्याशी बोलले नाहीत. आबांच्या मात्र पाया पडले. आबांनी मुलीच्या हातावर दोन पेरू ठेवले आणि ते त्यांच्या गाडीपर्यंत गेले.

"काका, तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत हो," मुक्ताचा आवाज आला.

गाडी वळेपर्यंत आबा हात हलवत उभे होते. मी तोवर माडीवर जाऊन पलंग उघडा केला होता.

दोन वाजता चादरी दोरीवर गेल्या. चारला नाशिकचं एक कुटुंब यायचं होतं. एक तास वीस मिनिटांचं ऊन. मी हिशेब मनात केला आणि तो कुणाला सांगितला नाही.

अडीचला फोनवर ते आलं. दोन तारे.

"जागा छान, पण माणसांचं काही कळत नाही. निघायच्या तयारीत होतो तर 'कसली घाई, जेवूनच जा' म्हणून आग्रहाने थांबवलं. आम्ही भरलेलं सामान सोडलं, पोरीला भूक लागली तरी बिस्किटं दिली नाहीत, जेवायचंय म्हणून. मग बाई वर येऊन घालवायला लागल्या. जेवायला थांबवायचं आणि उपाशी पाठवायचं, ही कुठली पद्धत? आमच्या घरी शत्रूलासुद्धा असं करत नाहीत."

मी ते दोनदा वाचलं. तीन ताऱ्यांचं, दमट चादरींचं मला वाईट वाटलं होतं, पण ते खरं तरी होतं. हे सरळ खोटं होतं. जेवायला थांबवून उपाशी पाठवलं! माझ्या सासरी, माहेरी, सात पिढ्यांत असं कुणाबद्दल कुणी बोललं नसेल.

मी ओट्याशी उभ्या उभ्या उत्तर लिहायला घेतलं. "काल रात्री आठ वाजून चाळीस मिनिटांनी आपणास वेळेची कल्पना दिली. आज अकरा पाच, अकरा पन्नास आणि बारा तीस अशी तीनदा आठवण केली. थांबण्याचा आग्रह कोणीही केलेला नाही."

हे पाण्याचा तांब्या घ्यायला आत आले आणि माझ्या खांद्यावरून वाचायला लागले.

"पाठवू नकोस," हे म्हणाले.

"का? खोटं चालवून घ्यायचं?"

"अगं, शेवटचं वाक्य तेवढं..." आणि हे थांबले. तांब्या भरून वाहायला लागला.

"शेवटच्या वाक्याचं काय?"

"काही नाही." हे तांब्या घेऊन निघून गेले.

सिंधू मोरीपाशी बादल्या विसळत होती. ती पाठमोरीच म्हणाली, "आबा म्हनले की त्यास्नी."

"काय म्हणाले?"

"जेवून जावा. थांबा की. कसली घाई. रोजच म्हनत्यात समद्यांना. साडेधाला लोकं बॅगा घेऊन जिन्यातनं उतरायला लागली की आबा खुर्चीतनं उठत्यात, दोनी हात असं आडवं करत्यात. मग लोकं बॅगा घेऊन परत वर. आबा चालले गाडी बघाया."

"रोज?"

"तुम्ही तवा मागं यंत्रापाशी असता. तुम्हाला काय ऐकू येतंय त्या घरघरीत." ती वळली. "मला वाटलं, तुम्हाला म्हाइत हाय. दादांना म्हाइत हाय."

दादा म्हणजे हे.

माझी एक वही आहे. चार वर्षं प्रत्येक खोली किती वाजता रिकामी झाली ते तिच्यात लिहिलेलं होतं. मला कुणी लिहायला सांगितलं नव्हतं, प्रयोगशाळेची सवय. मी ती काढली. पहिली अडीच वर्षं: दहा पन्नास, अकरा पाच, अकरा, अकरा दहा. एखादा साडेअकरा, त्याच्यापुढे उद्गारचिन्ह. मग मागच्या वर्षीच्या जुलैत एका पानावर बारा पाच. बारा वीस. पावणेबारा. बारा चाळीस. एक. विहिरीत एका दिवसात कुठूनतरी गटार मिसळावं, तसे आकडे बदलले होते. मी ते रोज स्वतःच्या हाताने लिहिले होते आणि एकदाही विचारलं नव्हतं की त्या दिवशी घरात नवीन काय आलं.

मी लिहिलेलं उत्तर पुसून टाकलं. पुसताना राग आला तो भागवतांचा नव्हता.

तीन वाजून वीस मिनिटं झाली. डोंगराची सावली अंगणातून सरकत दोरीपर्यंत आली. मी एक चादर काढून काट्याला लावली. नऊशे ऐंशी. दोनशे ग्रॅम पाणी अजून आत होतं. इस्त्रीने वरवरचं जातं, शिवणीतलं जात नाही. चादर तशीच हातात घेऊन मी ओसरीवर गेले.

आबा जागे होते. पेपरातलं शब्दकोडं सोडवत होते.

"आबा, तुम्ही पाहुण्यांना थांबा म्हणता?"

"म्हणजे?"

"निघताना. जेवून जा म्हणता?"

"म्हणतो की." त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "माणूस दारातनं निघाला की म्हणायचं असतं. गप बसून बघत राहायचं का?"

"पण ते थांबतात, आबा."

"थांबतात," आबा विचारात पडल्यासारखे म्हणाले. "खरं सांगू? पहिल्यांदा थांबले ना, ते सोलापूरचे, तेव्हा मलापण जरा चमत्कारिक वाटलं. आपण म्हणायचं असतं. त्यांनी नको, नको, उशीर होतोय म्हणायचं असतं. मग आपण चहा तरी घ्या म्हणायचं. ते सुपारी तोंडात टाकून निघायचे. अशी रीत. आता लोकांना रीत कळत नाही त्याला मी काय करू?"

"मग म्हणू नका ना."

"आणि काय म्हणू? चला, गाडी सुटायची वेळ झाली?" आबा हसले. "चौतीस वर्षं तेच म्हटलं गं. माइकवरनं. सातारा, कराड, कोल्हापूर, बसून घ्या. दिवसाला दोन हजार माणसं माझ्या शब्दावर गेली. आता एखाद्याला थांबा म्हणावंसं वाटतं. आणि थांबलं कुणी, तर बरंही वाटतं."

मी चादर त्यांच्या पुढ्यात धरली. "हिला हात लावा."

त्यांनी लावला. "ओली आहे."

"चारला माणसं येतायत. त्यांना हिच्यावर झोपायचंय. मग तेही लिहिणार, काका देवमाणूस, काकूंच्या चादरी ओल्या. तुमच्या एका 'थांबा'मुळे, आबा. ज्यांना तुम्ही आज थांबवलंत त्यांनी काय लिहिलंय बघा. जेवायला थांबवून उपाशी पाठवलं. आपल्या घराबद्दल लिहिलंय."

त्यांनी चष्मा लावून फोन लांब धरला आणि सावकाश वाचलं. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"पोरगी उपाशी गेली?" ते म्हणाले. "पेरू दिले होते मी." मग, "पण म्हणजे त्यांना खरंच वाटलं? नुसतं म्हटलेलं एवढ्या शहाण्या माणसांना कळू नये?"

"नुसतं म्हटलेलं कसं कळणार?" माझा आवाज चढला. "ज्याला म्हणता तो खरंच धरणार. तुमच्या मनात काय आहे ते त्याला दिसतं का?"

आबांनी फोन माझ्या हातात दिला, चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला.

"तूच नव्हतीस का म्हणाली?" त्यांनी विचारलं.

"कुणाला?"

"मला. मागच्या वर्षी. किल्ली मिळाली तेव्हा मी पिशवी भरून ह्या पायरीवर उभा होतो. अकराची गाडी धरणार होतो. तू आतनं हात पुसत आलीस आणि म्हणालीस, 'आबा, कसली घाई? दिवाळी करून जा.' मी म्हटलं, नको, जातो. तू म्हणालीस, 'थांबा की.' दोनदा म्हणालीस." ते खरोखर आठवून बोलत होते, टोमणा नव्हता. "मला वाटलं, दोनदा म्हणाली म्हणजे खरं म्हणाली. एकटं घर उघडायला मलाही कुठं धीर होता. थांबलो. मग दिवाळी झाली. कुणी काही बोललं नाही. मी रोज सकाळी बघायचो, आज कुणी म्हणतंय का. अगं, मी घंटीवर चालणारा माणूस. एकदा घंटी मारली असतीस तर सुटलो असतो."

मला ती पायरी आठवली. हात कणकेचे होते. ती राखाडी पिशवी आठवली आणि ती परत आत जाताना बघून मनात जे झालं तेही आठवलं. आपण काय बोलून बसलो, असं झालं होतं. पण बोलताना मी विचार केला नव्हता. दारात माणूस निघाला होता आणि तोंडातून ते शब्द आपोआप बाहेर पडले होते, जसे आईच्या, आजीच्या पडायचे. वहीत मी सगळ्यांच्या वेळा लिहिल्या होत्या. ही एक लिहिली नव्हती.

ओली चादर हातात जड झाली होती. ती मी ओसरीच्या कठड्यावर टाकली. हे दाराआडून ऐकत होते. त्यांची सावली उंबऱ्यावर पडली होती, पण बाहेर आली नाही.

फोन वाजला.

"पाहुणे गेले का गं?" आईला वाटतं कराडहून बोलायचं म्हणजे मोठ्याने बोलावं लागतं. ओसरीभर ऐकू गेलं.

"वरचे गेले, आई."

बहिणीच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

"आणि खालचे?" आईने विचारलं.

इतके महिने ती कोणत्या पाहुण्यांबद्दल विचारत होती ते मला त्या क्षणी कळलं. रोज एकदा, न चुकता, आणि एकदाही नाव न घेता.

आबांनी मान वर केली. "खालचे म्हणजे मी," ते म्हणाले. मग दारातून आत, खोलीकडे बघितलं. पलंग, खिडकी, उघडं न्हाणीघर, दांड्यावरचा पंचा. "तो दांडा," ते म्हणाले, "मला वाटायचं, गवंड्याने जरा खालीच लावलाय. पंच्याच्या मानाने."

"आईच्या मनगटाच्या मापाचा आहे," मी म्हणाले.

"मग कुणी सांगायचं नाही का?"

मी फोन कानापासून दूर धरला, पण बंद केला नाही. माझा आवाज मऊ होत नाही, आणि त्या दिवशी मी तो करायला गेलेही नाही.

"आबा, सांगतेय," मी म्हणाले. "सोमवारी आई येतेय, ह्या खोलीत राहायला. तुम्ही सोमवारी अकराच्या गाडीने पुण्याला निघायचं. पिशवी घेऊन पायरीवर आलात की मी थांबा म्हणेन. सवय आहे मला. तुम्ही ऐकायचं नाही."